दोन किनाऱ्यांची पितळी नळी

मित्रांनो, पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सरहद्दीवरच्या तितिकाका तलावाच्या तळाचे पाणी वर आणणे हेच माझे आयुष्यभराचे काम. मी एक जुनी पितळी नळी आहे. माझ्या दोन्ही तोंडांना झाकणे आहेत. पाण्यात उतरताना ती उघडी असतात. हव्या त्या खोलीवर पोचले की वरून दोरावर एक वजन सोडतात. ते घसरत येऊन मला टेकते आणि झाकणे खटकन मिटतात. मग आतले पाणी वाटेतल्या पाण्यात मिसळत नाही.

पेरूतल्या पुनो बंदरावर जहाजे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मला ओतले. पितळ पेरूचे. झाकणांचे रबर आणि दोर बोलिव्हियाचा. तलाव दोघांचा, म्हणून दोन्ही सरकारांनी त्याचा अभ्यास मिळून करायचा करार केला आणि नळी एकच ठेवली. दोन असत्या तर ज्याने त्याने आपल्या नळीची बाजू घेतली असती.

दर महिन्याला दोन होड्या सरहद्द दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपापाशी येत. त्या एकमेकींना बांधून मला खाली सोडत. दोन्हीकडच्या माणसांदेखत मी मिटले, तरच ते पाणी खरे धरले जाई. काम झाले की एकच कापड पसरून गारठवून वाळवलेले बटाटे, उकडलेले वाल, चीज, जे असेल ते त्यावर ओतत. कुठला घास कोणाचा, हे कोणी विचारत नसे. ते माझे सुखाचे दिवस.

मग एका वर्षी मेलेले बेडूक तरंगू लागले. पाठोपाठ इस्पी नावाचे चिमुकले मासे मेले. या काठचे कोळी म्हणत, विष त्या काठाने सोडले. त्या काठचे उलट म्हणत. एकमेकांची जाळी कापली जाऊ लागली. नेमका तेव्हाच जुना करार संपला. नव्यावर सह्या होईपर्यंत सरहद्द ओलांडायची नाही आणि होड्या बांधायच्या नाहीत, असा दोन्हीकडे हुकूम आला.

बोलिव्हियाकडून पाणी तपासणाऱ्या सेवेरिना कायिसायाच्या भावाचेही जाळे कापले गेले होते. तिने ठरवले, या महिन्याचे पाणी चुकवायचे नाही. पेरूकडून तेच काम करणाऱ्या हिलारियोन कोआकिराला तिने निरोप धाडला: गुरुवारी आठ वाजता, पिंपापाशी.

गुरुवारी आठ वाजून गेले. मी तिच्या मांडीवर होते. समोर नुसते पाणी.

“तुझा पेरूवाला काही येत नाही,” होडीवाला तेओफिलो म्हणाला. “अंथरूण सोडवत नसेल.”

“येईल.”

“वारा उठायच्या आत परतू या, ताई. मला पोहता येत नाही.”

“इतकी वर्षं होडी चालवताय आणि पोहता येत नाही?”

“म्हणून तर इतकी वर्षं बुडू दिली नाही.”

वारा उठलाच. लाटा होडीवर आपटू लागल्या. तेओफिलोने वल्ही हातात घेतली, तशी सेवेरिनाने वल्ह्यांवर पाय ठेवला. तेवढ्यात पलीकडून होडी दिसली. एका हाताने टोपी दाबून धरलेला हिलारियोन आला.

“कुठे होतात, ताता?” वडीलधाऱ्याला मारतात ती हाक मारत सेवेरिना म्हणाली. “तासभर वाट बघतेय.”

“मी? मी तर आठाच्या ठोक्याला आलोय, बाई.”

दोघांनी आपापली घड्याळे पाहिली. बोलिव्हियाचे घड्याळ पेरूच्या तासभर पुढे असते. एरवी कराराच्या कचेरीतून येणाऱ्या पत्रात दोन्ही वेळा लिहिलेल्या असत. या वेळी पत्र नव्हते, आणि जन्म याच तलावावर काढलेल्या दोघांच्याही ते ध्यानात आले नाही.

“सरकारांचं राहू द्या,” तेओफिलो पुटपुटला, “तुम्हा दोघांचं आठसुद्धा जुळत नाही.”

आता होड्या लाटांवर लांब फेकल्या जात होत्या. त्या न बांधता मला सरळ सोडणे अशक्य होते. सेवेरिनाने मला घट्ट धरले.

“बांधायची मनाई आहे ना?” हिलारियोन म्हणाला. “धरायची कोणी केलीय?”

त्याने वाकून सेवेरिनाच्या होडीची कड दोन्ही हातांनी पकडली. तेओफिलोने शिव्या देत त्याच्या होडीची पकडली. दोन होड्यांच्या मधल्या फटीतून मी खाली गेले. पहिल्यांदा दोर सैल पडला, वजन आधीच हातून निसटले आणि मी वाटेतच मिटले. सेवेरिनाने मला वर ओढून पाणी फेकून दिले.

“बोटं चेंगरतायत, ताई,” तेओफिलो म्हणाला.

“माहीत आहे. पुन्हा सोडते.”

दुसऱ्यांदा मी तळाशी पोचले. तिथे पाणी थंड आणि मेलेले होते. वजन आले, मी मिटले.

वर माझे झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास सुटला. सेवेरिनाने पाणी दोन बाटल्यांत अर्धे अर्धे ओतले. दोन देशांच्या दोन प्रयोगशाळांतून एकच उत्तर आले. विष कोणी टाकले नव्हते. दोन्ही काठांच्या शहरांची गटारे तलावात येत होती आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला होता. दोघांची घाण सारखीच होती. त्यानंतर जाळी कापणे थांबले. नव्या करारावर सह्या झाल्या. गटारांचे काम मात्र अजून अर्धेच आहे.

आता तलावात आपोआप मोजणारी यंत्रे आहेत. मी काचेच्या कपाटात असते. पाहुणे आले की मला घासून चकचकीत करतात. त्या चमकेचा मला काही उपयोग नाही. माझे रबर सुकून तडकले आहे, ते कोणी पाहत नाही.

गेल्या आठवड्यात सेवेरिना आली. “ती नळी काढा,” कपाटाच्या किल्लीवाल्याला म्हणाली. “यंत्र बंद पडलंय आणि या महिन्याचं पाणी काढायचंय.”

“बाई, ती फार जुनी झालीय.”

“मीही झालेय. आम्ही दोघी जाणार आहोत.”

मित्रांनो, ज्या वस्तूवर दोघांचा विश्वास बसला आहे, ती कपाटात ठेवून तिचा मान होत नाही. माझे रबर बदला, दोर तपासा, पलीकडच्यांना बोलवा आणि मला पाण्यात सोडा. इस्पी अजून परतलेले नाहीत.