महिला सदस्य हजर

“वजनाच्या टायमाला तू आत ऱ्हा, गो बाय. दार लावून घेतो तो.” गोदूबाईनं हे सांगितलं तेव्हा रचना कडेवरच्या लेकीचं नाक पुसत होती. गोदूबाई शाळेचं मैदान झाडायची, आणि झाडता झाडता तोंडानं गावातल्या निम्म्या पुरुषांची धुणी धुवायची. हेही त्यातलंच, म्हणून रचनानं ते कानाआड केलं.

रचना माहेरची चौलची, बी.कॉम. झालेली. लेक शिंकली तरी डॉक्टर गाठणारी. गावात शिकलेली सून म्हणून कबड्डी मंडळाचे अध्यक्ष धर्माजीशेठ यांनी तिला महिला सदस्य करून घेतलं. स्पर्धेआधी मुलींची वजनं घेतात, तेव्हा खोलीत बाई हजर हवी, असा नियम. पण ती वेळ नेमकी लेकीच्या जेवणाची. प्रशिक्षक शिवदास सर संध्याकाळी कागद घरीच पाठवायचे. ‘महिला सदस्य हजर’ या ओळीपुढं ती सही करून द्यायची.

मग एक दिवस पंधरा वर्षांच्या केसरनं तोंड उघडलं. वजनाच्या खोलीत सर नको तिथं हात लावतात, दोन वर्षं झाली, असं तिनं आईला सांगितलं.

शेठनी बैठक बोलावली. सगळ्यांना चहा दिला. केसरची आई भागुबाई मासळी विकून तशीच आलेली, तिलाही खुर्ची दिली. पोर आपली, सरही आपलेच, म्हणाले, तेव्हा कागद काय सांगतात ते बघू. आणि त्यांनी वजनाचे चौदा कागद टेबलावर मांडले.

“सही तुझीच ना, बाय?”

“माझीच.”

“मग तू खोलीत होतीस. लेकुरवाळी बाई खोटी सही कशाला करील? आणि केली असली, तर पोलीस आधी तुलाच नेतील.”

केसर रचनाकडं बघत होती. “ताई, तुम्ही नव्हता ना? सांगा ना त्यांना.”

“होते,” रचना म्हणाली.

ठराव झाला. केसरला हंगामभर विश्रांती, तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून. सरांना मनस्ताप झाला, म्हणून शाल. भागुबाईची मासळी घेऊ नका, असं कुणीच कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिची पाटी भरलेलीच घरी येऊ लागली.

पाचव्या दिवशी रचनानं खरं काय ते लिहून शेठना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तिच्या लेकीच्या गालाला हात लावून म्हणाले, “मोठी झाली की हिलापण आपल्याच संघात घालू.” अलिबागला पोलिसांत जाऊन हेच पुन्हा लिहून द्यायला तिचे पाय अजून उचललेले नाहीत.

केसरच्या घरी ती तीनदा जाऊन आली. “तुझी सही झाली ना? जा आता,” असं भागुबाई आतूनच म्हणाली. केसर अकरा दिवस कुणाला दिसलेली नाही. शाळेत नाही, बंदरावर नाही.

कोळीवाड्याच्या टोकाला, सुक्या मासळीच्या मांडवापलीकडं निळ्या दाराचं घर आहे. तुम्ही कुणी त्या वाटेनं गेलात, तर दार वाजवा. केसर जेवते का, एवढंच विचारा. रचनाचं नाव मात्र काढू नका.