बारा वीसच्या आत टोचलेला कान

या मित्रांनो, जरा पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही या. आख्यान लावण्याआधी बुवा सगळ्यांना जवळ बोलावतात ना, तसं मी बोलावते आहे. गोष्ट एका कानाची आहे.

मी एक जुनी कान टोचायची गन आहे. बिबवेवाडीत रंगनाथकाकांचं बांगड्या-कानातल्यांचं दुकान आहे, तिथल्या खणात मी पडून असते. अंग पांढऱ्या प्लास्टिकचं, आता पिवळं पडलेलं. पोटात कडक स्प्रिंग. चाप ओढला की खट्! खडा कानाच्या पाळीतून आरपार.

माझं कौतुक फार झालं. बाळ रडायला तोंड उघडेपर्यंत काम संपलेलं असे. काका मायाळू. आधी पोराच्या हातावर खडीसाखर ठेवत, मग चाप ओढत. प्रत्येक वेळी स्पिरिटच्या बोळ्याने माझं तोंड पुसत. पण मित्रांनो, तोंड पुसल्याने मी स्वच्छ होत नव्हते. मागच्या खाचेत बोळा पोचतच नाही. तिथे रक्ताचे बारीक ठिपके वाळून बसत, कुणाकुणाचे, एकावर एक. वाफेत तापवावं तर माझं प्लास्टिक वितळणार. काका ते बघत नव्हते, आणि मला वाचा नव्हती.

मग तो गुरुवार आला. गुरुपुष्यामृत. कुणी तरी पंचांग बघून सांगितलं होतं, बारा वीसपर्यंतच योग आहे. दुकानाबाहेर रांग लागली.

"अहो, रांग इकडे आहे. तिकडे नुसती भिंत आहे," कुणीतरी कुणालातरी ऐकवलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी कात्रजहून कांताबाई आल्या. सोबत भाची ऋतुजा, सोळा वर्षांची. इथल्याच मंदिरातल्या सप्ताहात ती पहिल्यांदाच कीर्तनाला उभी राहणार होती. नऊवारी ठरली होती, आणि कानाच्या वरच्या कडेला आत्याची, म्हणजे कांताबाईंचीच, मोत्यांची बुगडी.

"वरती?" काका थबकले. "वहिनी, वरती मी सहसा करत नाही. तिथे कूर्चा असते. पाळीसारखं नसतं ते."

"काहीतरीच तुमचं! आमच्या सात पिढ्यांनी बुगड्या घातल्या. दहा मिनिटं राहिलीत, चला."

ऋतुजा खुर्चीवर बसली. बसल्या बसल्याच ती म्हणाली, "काका, मला एक सांगायचंय. मला शुगर..."

"गप गं!" कांताबाईंनी तिचा हात दाबला. "अशा वेळी आजारांची नावं काढू नयेत. रामाचं नाव घे."

पोरीने डोळे मिटून रामाचं नाव घेतलं. काकांनी घड्याळाकडे बघितलं. आधीच्या बाईच्या कानातून आलेला रक्ताचा थेंब अजून माझ्या ओठावर ओला होता. त्या एका वेळी बोळा फिरायचा राहिला.

खट्. बारा अठरा.

पाळी मऊ असते, मी सहज पार होते. वरती मात्र मला आतलं काहीतरी चिरडल्यासारखं लागलं. मी ओळखलं. पण बाहेर कांताबाई पेढे वाटत होत्या.

पाचव्या दिवशी त्या एकट्याच आल्या. पदर डोळ्यांना.

"भावजी, कान टोमॅटोसारखा सुजलाय हो. मी हळद-तेल लावत राहिले, खडा फिरवत राहिले. काल तापात बरळायला लागली. शुगर कुठल्या कुठे गेलीये. डॉक्टर विचारतात, इन्सुलिन घेते हे टोचणाऱ्याला सांगितलं नव्हतं का?"

काका स्टुलावर बसले. "ती सांगत होती, वहिनी."

"मीच गप्प केलं तिला," कांताबाई म्हणाल्या. "मीच."

पुढचे आठ दिवस काकांनी दुकान उघडलं ते नुसतं उघडायचं म्हणून. ती जगेल की नाही, हेही कुणी सांगत नव्हतं. अखेर रामाने पोर परत दिली. कान मात्र पुरता नाही दिला. पू काढताना आतली कूर्चा गेली, आणि वरची कड वाळल्या पानासारखी आत वळली. बुगडीला जागाच राहिली नाही.

काकांनी टोचणं कायमचं सोडलं. मला फेकलंही नाही. उचलून कुणी वापरेल, ही धास्ती. आता कुणी विचारलं की म्हणतात, "डॉक्टरांकडे जा. हात धुतले का बघा. नव्या सुईचं बंद पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा. शुगर असो, रक्त पातळ करायची गोळी असो, जखमेवर गाठ धरत असो, कुठल्या धातूने खाज येत असो, आधी सांगा. आणि वरती टोचायचं असेल तर दहादा विचार करा."

परवा मंदिराच्या भोंग्यातून ऋतुजाचा आवाज आला. वर्षभर उशिरा, पण उभी राहिली. निरूपणात ती म्हणाली, "देव काही घड्याळ लावून बसलेला नाही. लेकराचं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबतो." काकांनी हातातलं काम ठेवलं आणि दारात जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, योग बघा, माझी ना नाही. पण त्या दिवशी घड्याळाकडे सगळ्यांनी बघितलं, माझ्याकडे कुणीच नाही. तुम्ही कधी अशा खुर्चीवर बसाल तेव्हा ऋतुजाची आठवण ठेवा. ती "मला शुगर" एवढंच म्हणू शकली. तिचं राहिलेलं वाक्य तुम्ही पुरं करा.