रंग बाहेर ठेवा

"पावणं, रंग बाहेर ठेवा," हे वाक्य पूर्णिमानं त्या दुपारी साठेक वेळा तरी म्हटलं असेल. आधी हळू, मग जरा मोठ्यानं, आणि साडेतीनच्या सुमाराला रांग रस्त्यापर्यंत गेली तेव्हा पेठेतल्या भाजीवालीसारखं, ठेक्यात. रंग म्हणजे तालमींच्या फुटबॉल संघांचे रंग. पिंपळकट्ट्याचा निळा-पांढरा, वाघजाईचा पिवळा. टी-शर्ट, रुमाल, डोक्याच्या पट्ट्या, गालावरचे पट्टे, काहीही. फॅमिली गॅलरीत यायचं तर रंग फाटकाशीच कापडी पिशवीत घालायचे, टोकन घ्यायचं, जाताना टोकन देऊन पिशवी न्यायची. पोरांसाठी तिनं साधे पांढरे टी-शर्ट आणून ठेवले होते, तीन मापांचे.

ही सगळी यातायात तिनंच ओढवून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी प्रियूला, म्हणजे प्रियदर्शनीला, ती पहिल्यांदा मॅच दाखवायला घेऊन आली होती. पोरगी तीन वर्षांची. पहिल्या अर्ध्या तासात तिनं ज्या शिव्या ऐकल्या त्या पूर्णिमानं पस्तिशीपर्यंत ऐकल्या नव्हत्या. मग वरून पाण्यानं भरलेली बाटली आली, शेजारच्या माणसाच्या खांद्यावर आपटली, आणि दोन्ही बाजूंची माणसं पायऱ्या सोडून एकमेकांच्या अंगावर धावली. प्रियूनं घाबरून कपड्यातच शू केली, आणि बायकांसाठी म्हणून जे स्वच्छतागृह होतं त्याला कुलूप होतं. पूर्णिमानं घरी येऊन फुटबॉल संघटनेला तीन पानी अर्ज लिहिला. कोल्हापुरात फुटबॉल प्रत्येकाच्या घरात आहे, मग घरातल्या बायका-पोरांना मैदानात जागा का नाही, असा त्याचा सूर. दीड वर्ष उत्तर नाही. मग यंदा अचानक संघटनेचा फोन आला. "म्याडम, एका सामन्यापुरतं करून बघूया. पण जबाबदारी तुमची. एक जरी भांडण झालं तर विषय संपला."

म्हणून ती तीन आठवडे झोपली नव्हती धड. पन्नास रुपयांत दोन मोठी माणसं, पोरांना तिकीट नाही. पायऱ्या न चढता बसता येईल अशा खालच्या तीन रांगा. कुलूप काढलेलं, धुतलेलं स्वच्छतागृह. एका कोपऱ्यात पडदा लावून अंगावर पाजायची सोय. हलगी आणि फटाके पलीकडच्या बाजूला. आणि रंग बाहेर. हा शेवटचा नियम तर तिनं कागदावर दोनदा अधोरेखित केला होता.

नियमाचा गुण दिसत होता, हे तिला नाकारता येत नव्हतं. वाघजाईच्या गल्लीतली शिवानी नावाची एक मुलगी सात महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. "ताई," ती म्हणाली, "आमचं घर हितनं चार मिनिटांवर हाय. लग्न झाल्यापासनं आवाज ऐकतीया नुसता. आज नवरा म्हणला, रंगबिंग न्हाईत म्हणं तिकडं, जा." पूर्णिमानं तिला पडद्याजवळची जागा दिली.

चारला दहा कमी असताना मामा आले.

मामा म्हणजे तिचे सासरे, आकाराम. वय बहात्तर. पिंपळकट्टा तालमीचे एकेकाळचे हाफबॅक, नंतर गूळ मार्केटात तोलाईवाले, आणि आता दोन्ही गुडघे गेलेले गृहस्थ. चार वर्षं त्यांनी मैदान पाहिलं नव्हतं, कारण पायऱ्या चढवत नव्हत्या. खालच्या तीन रांगांची गोष्ट निघाली तेव्हा ते जेवता जेवता थांबले होते. "म्हंजे चढायचं न्हाय?" त्यांनी विचारलं होतं. "सरळ जाऊन बसायचं?" आणि मग कितीतरी वेळ भाकरी नुसतीच मोडत बसले होते.

आज ते प्रियूला कडेवर घेऊन रांगेत उभे होते. गुडघ्यांचा तो अवतार असून कडेवर. आणि प्रियूच्या अंगात निळा-पांढरा शर्ट होता. नवा नव्हे. धुऊन धुऊन विरलेला, काखेत बारीक शिवलेला, पाठीवर सहा नंबर. पूर्णिमानं तो ओळखला. देवघराच्या खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेला असायचा. ज्या वर्षी पिंपळकट्ट्यानं अंतिम सामना जिंकला त्या वर्षीचा मामांचा शर्ट. सामन्याच्या दिवशी सकाळी तालमीत हनुमानापुढं सगळे शर्ट ठेवून नारळ फोडायचा आणि मगच ते अंगात घालायचे, ही तिथली रीत. त्या शर्टावर नारळाचं पाणी पडलेलं होतं, असं मामा सांगायचे. तो शर्ट त्यांनी नातीच्या मापाचा करून आणला होता. म्हणजे कात्री लावून.

"आई!" प्रियू ओरडली. "बघ माझा शर्ट! आबांचा हाय!"

सगळी रांग वळली.

पूर्णिमाला एकदम आठवलं. आदल्या संध्याकाळी मामांनी विचारलं होतं, "सुनबाई, उद्या पोरीला काय घालू?" ती फोनवर होती, पांढऱ्या टी-शर्टांची मापं सांगत होती. "घाला हो काहीपण," असं तिनं मान न वळवता म्हटलं होतं. साऱ्या गावाला नियम सांगत सुटलेली बाई, घरातल्या माणसाला सांगायला विसरली.

"म्याडमचंच पोर हाय की," मागून एक आवाज आला. त्याच माणसाच्या लेकीचा पिवळा रुमाल पूर्णिमानं दहा मिनिटांपूर्वी काढून घेतला होता. "बघू आता. आपली ती आपली."

"म्हातारा पिंपळकट्ट्याचा हाय," दुसरा म्हणाला.

फाटकावर तिच्या मदतीला प्रसेनजीत होता. शाळेत खेळ शिकवणारा, शांत माणूस. तो हळूच म्हणाला, "ताई, त्यांना बाजूला घेऊन सांगू का मी? पोरीला आत नेऊन कपडे बदलू." सरळ, सोपा मार्ग होता. पण पूर्णिमाला रांग दिसत होती. पन्नास-साठ डोळे, त्यातले निम्मे वाघजाईचे. एक जरी भांडण झालं तर विषय संपला.

तिनं सासऱ्यांच्या तोंडाकडं सरळ पाहिलं आणि दुपारभरच्या त्याच आवाजात, त्याच ठेक्यात म्हटलं, "पावणं, रंग बाहेर ठेवा."

मग मागून कोणीतरी फस्सकन हसलं. "सासऱ्याला पावणं! अरं तिच्या! ही बाई कडक हाय." सगळी रांगच हसली. खुशीत हसली. पिवळ्या रुमालाचा बाप तर म्हणाला, "मानलं म्याडम." ताण असा उतरला, जशी कुकरची वाफ उतरते.

मामाही हसले. म्हणजे ओठ तसे झाले. प्रियूला त्यांनी खाली उतरवलं, पाठीशी हात घालून शर्ट अलगद वर काढला, पोरीचे हात एकेक करून सोडवले. प्रसेनजीतनं पांढरा टी-शर्ट दिला. तो तिला गुडघ्यापर्यंत आला.

"आबा, माझा शर्ट?"

"हाय की माझ्यापाशी. तू जा आत."

प्रसेनजीतनं पिशवी पुढं केली. मामांनी शर्टाची नीट घडी घातली, पण पिशवीत ठेवली नाही. "ह्यो मी सांभाळतो," ते म्हणाले. "तुमी बसा." आणि रांगेच्या कडेकडेनं, एक पाय जपत, रस्त्याच्या बाजूला निघून गेले.

येतील परत, पूर्णिमानं स्वतःला सांगितलं. शर्ट कुठंतरी ओळखीच्या दुकानात ठेवून येतील. रांग पुढं सरकली. गंमत म्हणजे त्यानंतर एकानंही हुज्जत घातली नाही. तिनं तोंड उघडायच्या आत माणसं आपणहून रुमाल काढून देत होती. शिट्टी झाली, सामना सुरू झाला. ती प्रियूशेजारी बसली, पण नजर फाटकावर. प्रियूच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची तिनं आपली पर्स ठेवून अडवली होती.

गॅलरी सुंदर दिसत होती. दुसरा शब्द नव्हता. सगळीकडं पांढरं. आज्या पोरांना शेंगा सोलून देत होत्या. एक बाप पोरीला ऑफसाइड समजावून सांगताना स्वतःच गोंधळला होता. पदाधिकाऱ्यांपैकी एकजण येऊन म्हणाला, "म्याडम, जमलं की." पूर्णिमानं "हो" म्हटलं आणि फाटकाकडं पाहिलं.

पंचविसाव्या मिनिटाला पिंपळकट्ट्यानं गोल केला. प्रियू खुर्चीवर उभी राहून किंचाळली, मग बाजूच्या खुर्चीकडं वळली. तिथं पर्स होती.

"आबा कुठं हाईत?"

"येतील."

"गोल झाला की. त्यांनी बघितला?"

मुलीनं आयुष्यातला पहिला गोल पाहिला होता, आणि तो तिच्याशेजारी बसून बघायचा म्हणून ज्या माणसानं देवापुढचा शर्ट कापला होता, त्याची खुर्ची रिकामी होती. हे येतील-बितील सगळं तिचं तिनं रचलेलं होतं. शर्टासाठी गेले, असं ती स्वतःला पंचवीस मिनिटं सांगत होती. शर्टाचं काय, पिशवीत बसला असता. ते शर्टासाठी गेले नव्हते.

मध्यंतर झालं तरी ते आले नाहीत. दुसरा हाफ सुरू झाला आणि पूर्णिमा उठली. जे तिनं प्रियूच्या जन्मापासून कधी केलं नव्हतं ते केलं. पोरीला अनोळखी बाईजवळ सोडलं. "शिवानी, दहा मिनिटं बघशील हिच्याकडं?"

"जावा की ताई." बाळ एका मांडीवर, प्रियूला तिनं दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं. "ये गं, माझ्याकडं राजगिऱ्याचा लाडू हाय."

स्टेडियमच्या भिंतीला लागून चहाचा गाडा होता. गाड्यामागं, भिंतीला पाठ लावून, मामा स्टुलावर बसले होते. मांडीवर शर्टाची घडी, दोन्ही हात त्यावर. डोळे मिटलेले. तिला वाटलं झोपले.

"थ्रो-इन वाघजाईचा," ते डोळे न उघडता चहावाल्याला म्हणाले. "लई येळ लावाय लागलाय."

"मामा."

त्यांनी डोळे उघडले. "अगं! पोरगी कुठं हाय?"

"आहे आत. शिवानीजवळ. वाघजाईतली आहे ती."

"बरं बरं." ते सावरून बसले. "तू कशाला आलीस? तुझं काम सोडून?"

"चला ना आत."

"न्हाय गं. हितं बरं हाय. समदं कळतंय." त्यांनी भिंतीवर टिचकी मारली. "पयला गोल आपला झाला न्हवं? आपला गोल असला की आधी हलगी वाजती, मग माणसं वरडत्यात. त्यांचं उलटं."

चहावाल्यानं न मागता पुढं केलेला कप तिनं घेतला. मामा तिच्याकडं न बघता म्हणाले, "नियम बराबर हाय तुझा. आमच्या येळंला असता तर तुझी सासूबी आली असती. एकदा बी आली न्हाय ती." मग शर्टाची घडी सरळ करत, "आन् ते फाटकावरचं मनात धरू नगंस. सकाळपासनं तेच म्हणत हुतीस सगळ्यास्नी. तोंडातनं गेलं. चुकून जातंय माणसाच्या."

सुटकेचं दार उघडं होतं. नुसतं 'हो मामा' म्हणायचं. ते उठले असते, ती त्यांचा हात धरून आत घेऊन गेली असती, आणि घरी हा किस्सा हसून सांगितला गेला असता.

"चुकून गेलं नाही, मामा," पूर्णिमा म्हणाली. "बघून म्हटलं मी. रांग बघत होती म्हणून. प्रसेनजीत म्हणाला होता, बाजूला घेऊन सांगतो. मी ऐकलं नाही त्याचं. तुम्हाला तसं म्हटलं की सगळे गप बसतील, हे मला कळत होतं." हातातला कप तिनं गाड्यावर ठेवला. "आणि बसले. तुम्ही गेल्यावर एकानंही तोंड उघडलं नाही."

मामा शर्टाच्या घडीवर बोट फिरवत राहिले. सहा नंबराच्या वळणावरून, खाली, परत वर.

"मला वाटलंच हुतं," ते शेवटी म्हणाले. "म्हणून तर बसलो हितं. चुकून असतं तर आलो असतो की मी आत."

भिंतीपलीकडून एकदम माणसांचा आवाज उसळला. मग, जरा मागाहून, हलगी.

"आपला न्हाय," मामा म्हणाले. "एक-एक."

ते उठायला लागले. तिनं हात पुढं केला. तो त्यांनी धरला नाही, गाड्याचा दांडा धरून उठले. पण उभं राहिल्यावर शर्ट तिच्या हातात दिला. "ह्यो घाल तुझ्या पिशवीत. आन् टोकन दे मला. रीतसर."

फाटकाशी प्रसेनजीत होता, आणि उशिरा आलेली चार-सहा माणसं. पूर्णिमा दुपारच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "हे माझे सासरे, आकाराम मामा. यांचं टोकन द्या." कोणी वळून पाहिलं नाही विशेष. दुपारची रांग आता सगळी आत बसली होती आणि मॅच बघत होती.

वीसेक मिनिटं उरली होती. प्रियूच्या तोंडाला राजगिरा लागलेला. आबांना बघताच ती खुर्चीवरून उतरली. "आबा, तू कुठं गेलतास? आपला गोल झाला! असा आला तो, असा, आणि धाडकन!" पांढऱ्या शर्टात अडखळत तिनं पाय हवेत मारला, आधी एक, मग दुसरा.

मामा पर्सच्या खुर्चीपाशी आले होते. बसायच्या आधी मैदानाकडं पाठ करून ते तिचं सगळं नीट बघत राहिले. "कुठल्या पायानं मारला गं? उजव्या का डाव्या?"

प्रियू विचारात पडली. "आईला विचार. आई हुती की."

मामांनी मान वर करून पूर्णिमाकडं पाहिलं. तिनं खुर्चीवरची पर्स उचलून त्यांना जागा केली. गोल झाला तेव्हा ती फाटकाकडं बघत होती.