घराचा शाफ्ट

माझं घर म्हणजे बस होती. हसू नका. खरीखुरी बस, पत्र्याची, भंगारात निघालेली, नांदेडच्या लिलावातून माझ्या नवऱ्यानं आणलेली. नवरा पंढरी, ट्रकवर ड्रायव्हर होता. त्यानं सीटा उपटल्या, खाट बसवली, स्टोव्हला फळी ठोकली, खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. हौस म्हणून न्हाई बरं का. गावात खोली कोणी देईना म्हणून.

मी सिंधु, नर्स. लातूर जिल्हा नवा झालता तवाची गोष्ट. नव्या जागा निघाल्या आन् मला देवणीजवळच्या एका गावात नेमणूक मिळाली. दवाखान्याला खोली होती, ऱ्हायाला क्वार्टर न्हाई. गावात जाईन तिथं आधी आडनाव विचारायचे. कांबळे म्हणलं की रिकाम्या खोलीत कुणाचा तरी पुतण्या ऱ्हायला आलेला असायचा. एवढ्या लहान गावाला एवढे पुतणे कुठून आले, कुणाला ठाऊक! आमच्या बौद्धवाड्यात नागुबाई म्हणली, "ताई, हितं या, चटणी-भाकर खाऊ." पण तिच्या एका खोलीत आधीच सात माणसं. तिच्या पोरींच्या अंगावर पाय देऊन मी किती दिवस झोपू? म्हणून बस. गावाच्या कडंला गायरानात, बाभळीखाली उभी केली.

त्यात दुष्काळ. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? टँकर यायचा, आन् आमच्या वाड्यापर्यंत येईस्तवर त्यात निस्ता चिखल उरायचा. मग पंढरीनं बसच्या पार मागच्या टोकाला दोन मोठे ड्रम बसवले. उदगीरच्या वाटेवर एका बागवाल्याची विहीर होती, तिथून पाणी भरून आणायचं, अर्धं आपल्याला, अर्धं वाड्याला. पाण्याच्या वजनानं बसचं बूड खाली बसाया लागलं, तवा पंढरीनं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी दोन पाटे घातले. बस मागून अशी उचलली की बगत ऱ्हावी. "आता घाल किती पाणी घालायचं ते," म्हणला. मला बी लई कौतुक वाटलं.

गावात शब्द चालायचा व्यंकटरावाचा. दारात लिंब, लिंबाखाली देवणीचा वळू, आन् सारं गाव त्याला मालक म्हणायचं. मी व्यंकटराव म्हणायची, ते त्याला टोचायचं. एक दिवस सकाळीच आला, दोन माणसं घेऊन. माझ्याशी न्हाई, पंढरीशी बोलला.

"ए पंढरी, गायरानात घर बांधलंस. काढ ते."

मीच दारात आले. "घर न्हाई, गाडी हाय. चाकं दिसत न्हाईत का?"

"गाडी हाय?" तो हसला. "मग सोमवारी साऱ्या गावाम्होरं चालवून दाखवा. उदगीरला जाऊन परत या. न्हाई आली तर पत्रा समजून विकून टाकू. सारं गाव साक्षीला हाय."

"दाखवू की!" मी म्हणलं. माझा राग नाकावरच असतो, बोलून मोकळी झाले. आन् तो गेल्यावर वाकून गाडीखाली बघितलं. कारण गाडीचं दुखणं मला ठाऊक होतं.

चाळीसच्या स्पीडला गाडी आली की फळीवरल्या थाळ्या वाजायच्या, पायाखालचा पत्रा थरथरायचा. त्याच्या खाली न्हाई, वर बी न्हाई, बरोबर चाळीसलाच. आन् उभी गाडी हलवताना खालून टक् करून आवाज यायचा. पंढरीला किती येळा म्हणलं असंल! तो म्हणायचा, "जुनी गाडी हाय, बोलतीच." मी म्हणायची, "आवं, बोलत न्हाई ती, कण्हती. कण्हणं मला कळतं, दिवसभर तेच ऐकून राहिले मी."

"सोमवारी वाटंतच मोडली तर?" मी विचारलं. मोडली तर आमचं घर रस्त्यात पडणार, आन् व्यंकटराव त्याचा पत्रा विकणार. दुसरं घर आम्हाला या गावात मिळणार नव्हतं, आन् नोकरी सोडून नांदेडला परत जाणं मला मरणाहून वाईट वाटत होतं.

शनवारी हळूहळू गाडी उदगीरला मलप्पा मिस्त्रीकडं नेली. मलप्पा म्हणजे बडबड्या माणूस, हात कमी आन् तोंड जास्ती चालायचं. गाडीखाली शिरला तरी बोलणं सुरूच. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यात चार टोकांचा क्रॉस असतो. त्यानं शाफ्ट धरून हलवला, तो सांध्यात खटखट वाजला. मग क्रॉस काढून माझ्या हातावर ठेवला.

"नोड अक्का! बघ, ह्याच्यात ग्रीस कुठं हाय?"

ग्रीस नव्हतंच. लाल गंजाची कोरडी भुकटी होती, तपकिरीसारखी.

"मागं पाटे कुणी घातले?" मलप्पा गरजला. "मागनं गाडी उचलली की शाफ्टचा कोन बिघडतो. सरळ फिरायचं ते हिसके देत फिरतंय. आणखी उदगीर-देवणी दोन फेऱ्या केल्या असत्या, तर शाफ्ट तुटून रस्त्यात रुतला असता आन् तुमचं घर कोलांटी उडी मारलं असतं!"

"आन् ग्रीस कुठं गेलं?" पंढरीनं विचारलं. आवाज पडलेला.

मलप्पानं वर बोट दाखवलं. ड्रमच्या बुडातून थेंब थेंब पाणी गळत होतं, फळीवरून पुढं वाहत फटीतून बरोबर सांध्यावर. गाव घोटभर पाण्याला मोताद, आन् आम्ही दुष्काळात शाफ्टला आंघोळ घालत होतो! मला असा संताप आला म्हणता. पंढरीला भर बाजारात बोल बोल बोलले. मग त्याचं तोंड बघून माझंच मन मऊ झालं. ते पाणी त्यानं वाड्यासाठीच आणलतं की.

जादाचे पाटे काढले, नवा क्रॉस घातला. शाफ्ट काढायच्या आधी मलप्पानं एकमेकांत दात्यांनी बसणाऱ्या दोन्ही तुकड्यांवर खडूची खूण केली, परत जोडताना खुणेला खूण लावली. एक दात जरी इकडंतिकडं झाला तरी थरथर जात न्हाई म्हणला. शाफ्टखाली जाड पट्टीचं कडं बी बसवलं, तुटलाच तर जमिनीला लागू नये म्हणून. ड्रम सांधून मधी आणले, पुढल्या आन् मागल्या चाकांच्या मधी, आन् आमची खाट गेली मागच्या टोकाला. खड्डा आला की आम्ही उडायचो, पाणी न्हाई.

"आता आठ दिसाला ग्रीस," मलप्पा म्हणला. "देवाचा निवद चुकला तरी चालंल, हे चुकू नका."

"आम्ही देव मानत न्हाई," मी म्हणलं.

"मग तर सोपंच हाय. शाफ्टला माना!"

सोमवारी सारं गाव गायरानात. पंढरीनं क्लच सोडला, टक् न्हाई की खट् न्हाई. उदगीरच्या वाटंवर चाळीस झाले, मी थाळ्यांकडं डोळे लावून बसले. एक बी वाजली न्हाई. देवाशपथ म्हणणार होते, पण गप बसले. परत आलो तर वाड्यातल्या पोरांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं. मी ऐटीत उतरले.

व्यंकटराव पुढं आला. "चालती की!" म्हणला. "मग गाडीच हाय. गाडी हाय तर न्या. गायरान काय स्टँड हाय?"

सारे हसले. म्हणजे बंद पडली असती तर पत्रा, आन् चालली तर चालते व्हा. दोन्हीकडून त्याचंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. नागुबाईनं मान खाली घातली. ते बघितलं आन् माझी जीभ सुटली.

"नेते की! रोज नेते. माझ्याकडं चार गावं हायत. रोज सकाळी गाडी काढीन आन् रोज सांजच्याला हितंच लावीन. सांजच्याला लावलेल्या गाडीला घर म्हणत असतील तर तुमच्या बैलगाडीला बी म्हणा!"

आन् तसंच केलं. दौरा करायचा, येताना पाणी भरायचं, बाभळीखाली लावायची. डिझेल जळायचं, जळू दे. एक सकाळ जरी गाडी हलली न्हाई, तरी घर गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ग्रीस माझ्याकडं. साडीखाली पंढरीची पँट घालून मी गाडीखाली शिरायची, क्रॉसला ग्रीस भरायची, शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघायची. जरा जरी लटलटला तर उदगीर. व्यंकटराव वाटंवरनं जाताना म्हणायचा, "नर्सबाई, अवतार बघा तुमचा!" मी खालूनच म्हणायची, "बघा की, फुकट हाय."

मग एका सांजच्याला परत आलो तर आमच्या जागेवर काटे. बाभळीच्या फांद्यांचा ढीग, टायर सोडा, कुत्रं बी शिरणार न्हाई असा. पंढरी म्हणला, "सिंधु, बास आता. दुसऱ्या गावाला बदली माग."

"आवं, बदली कशाची मागता? गाडी घ्या गावात!"

"कुठं?"

"व्यंकटरावाच्या दारात. रस्ता सरकारी हाय, मी बी सरकारी."

गाडी नेऊन त्याच्या वाड्याच्या दरवाज्यापुढं लावली. अशी की माणूस आडवा होऊन बाहेर निघंल, पण वळू न्हाई, बैलगाडी न्हाई. व्यंकटराव ओरडत आला. मी बसच्या पायरीवर बसले.

"ओरडू नका. जिल्हा आता लातूरला आलाय, पूर्वीसारखा उस्मानाबादला न्हाई. उद्या जाऊन साहेबाला विचारते, नर्सनं झोपायचं कुठं? तुम्ही बी चला, गाडीत जागा हाय."

आसपासच्या घरांच्या माळवदावरून बाया बगत होत्या. त्यातल्या निम्म्यांची बाळंतपणं म्याच केलती, त्याच्या घरातली सून बी त्यात होती. हात लावायची हिंमत कुणाला झाली न्हाई. तो आत गेला आन् दार आपटलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. सकाळी वळू आत हंबरून राहिला होता. व्यंकटरावाचे गडी सारे आमच्या वाड्यातले. त्यानं काटे काढायला निरोप धाडला, तर एक बी आला न्हाई. नागुबाईनं साऱ्यांना सांगितलं होतं, ज्यानं पेरले त्यानंच उचलावे. शेवटी व्यंकटराव एकटाच काठी घेऊन गायरानात गेला. गल्लीच्या टोकाला गायरान दिसायचं, मी खिडकीतून बघून राहिले होते. म्हातारा वाकून फांदी फांदी ओढत होता, कोण मदतीला न्हाई. मला जरा वाईट बी वाटलं, खोटं कशाला बोलू?

परत आला तवा धोतराला काटे, हाताला रक्त.

"जागा केली," म्हणला. पंढरीकडं न्हाई, माझ्याकडं बघून. "गाडी हलवा बाई आता."

"हलवते की. स्टोव्हवर चहा हाय, पिऊन हलवते. तुम्ही घेता का?"

मी कप पुढं केला. त्यानं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माळवदावरल्या बायांकडं बघितलं. आन् मान हलवून न्हाई म्हणला.

मी तिथंच पायरीवर बसून तो चहा प्याले. गरम होता, म्हणून सावकाश प्याले. तो उन्हात उभाच होता. मग आत जाऊन मी आणखी एक कप गाळून घेतला.