शून्य हल्ल्यांची दोन वर्षं

ऑफिसात सगळे त्यांना दाजी म्हणत, कारण साहेब म्हणत; आणि साहेब म्हणत, कारण दाजींची बायको म्हणजे साहेबांची धाकटी बहीण. नोकरी मात्र दाजींनी परीक्षा देऊन मिळवली होती. हे त्यांच्याशिवाय कुणालाच आठवत नसे.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी क्लाउडवर हल्ले अडवणारी फायरवॉल बसवली आणि सर्व्हरची सगळी ये-जा आधी तिच्यातून व्हावी, असा नियम स्वहस्ते लिहिला. तेव्हापासून दर महिन्याच्या अहवालात हल्ले शून्य. या शून्याच्या जोरावर साहेब विभागप्रमुख झाले.

एका दुपारी दाजींना दिसलं, की नियम लिहिलाय खरा, पण सर्व्हरच्या नेटवर्कला तो कधी जोडलेलाच नाही. पहारेकरी पुढच्या दारात, आणि सगळी वर्दळ परसदारानं.

दाजींनी नियम जोडला. चार दिवसांत नऊशे हल्ले अडवल्याची नोंद झाली. शिवाय ग्राहकांना वेबसाइटचं पान उघडायला दोन सेकंद जास्त लागू लागले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“अहो दाजी, दोन वर्षं इकडे कुणी फिरकलं नाही. तुम्ही हात लावला आणि नऊशे चोर?”

“चोर आधीही येत होते, साहेब. मोजायला कुणी नव्हतं.”

“मग आता मोजायची हौस कुणाला आलीय?”

नियम काढून टाका, म्हणाले. दाजींनी लेखी मागितलं, तर घरच्या घरात कागद कशाला, म्हणाले.

दाजी घरी पोचायच्या आत साहेबांचा फोन पोचला होता. बायकोनं एवढंच विचारलं, की दादाला तोंडघशी पाडून नोकरी गेली, तर दुसरी मागायला कुणाच्या दारात जायचं? तिचंही चूक नव्हतं. सकाळी दाजींनी मुकाट्यानं नियम काढून टाकला.

सहा आठवड्यांनी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चौकशी समिती बसली. कोणी काय केलं, याची क्लाउडवर मिनिटामिनिटाची नोंद असते. जे कुणी केलंच नाही, त्याची कुठून असणार? नियम जोडला, दाजींनी. पाचव्या दिवशी काढला, दाजींनी. त्याआधीची दोन वर्षं अहवालात स्वच्छ होती.

कुणाच्या सांगण्यावरून काढला, असं समितीनं विचारलं. दाजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

“घरचा माणूस म्हणून आजवर सांभाळून घेतलं,” ते समितीला म्हणाले. “तेवढं माझं चुकलं.”

साहेबांचा प्रामाणिकपणा समितीनं आवर्जून नोंदवून घेतला, आणि दाजींना संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करायला सांगितलं.