विसळलेली डबी

वहिनींनी डबीतली रंगाची लाल पूड शिवणवाल्या बाईंच्या मोरीत ओतली आणि नळ पूर्ण सोडला. लालभडक पाणी गरगरत खाली गेलं.

मागच्या ओढ्यावर फेस येत होता, मासे उलटे होऊन तरंगत होते. वहिनींच्या यजमानांनी, म्हणजे ओढा समितीच्या अध्यक्षांनी, बोट ठेवलं होतं ते या बाईंवर. भाड्याच्या एका खोलीत कपडे धुऊन, शिवून पोट भरणारी एकटी बाई. तिच्यावर बोट ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं? आज सगळी गल्ली पुलावर जमली होती. मोरीतला लाल रंग ओढ्यात उतरला, म्हणजे घाण बाईंचीच ठरली, की घरमालक बाईंना खोली सोडायला लावणार होता. पूड टाकायचं काम अध्यक्षांनी घरच्याच माणसाला दिलं होतं.

"तुम्ही समोर आहात म्हणून धीर आहे, वहिनी," बाई म्हणाल्या.

दोघी वाट बघत बसल्या. चहा पिऊन झाला, तरी पुलावरून कुणाची हाक आली नाही. बाईंची मोरी मोठ्या गटाराला जोडलेली होती, ओढ्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. वहिनींनी बाईंचा हात दाबला, "सुटलात" म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं.

पुलाकडे जाता जाता त्या स्वतःच्या घरात डोकावल्या. डबी घरची, साखरेची. तळाशी पूड चिकटलेली. ती तशीच टाकून जाणं त्यांच्याच्यानं होईना. सिंकमध्ये त्यांनी ती खसाखसा घासली, विसळली, पालथी घातली आणि हात पुसत पुलाकडे निघाल्या.

पुलावर गलका उडाला होता. गल्लीतलं पावसाचं पाणी ज्या मोठ्या सिमेंटच्या नळातून ओढ्यात पडतं, त्याच्या तोंडातून लाल ओघळ उतरत होता.

वहिनींनी ओघळाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. घरचं स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा सिंकचा पाइप अध्यक्षांनीच त्या नळात सोडायला लावला होता. गटारापर्यंत कोण खणत बसतंय, म्हणाले होते.

अध्यक्षांची नजर बायकोच्या लाल नखांवर गेली. चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"उशीर लागला एवढंच," ते लोकांना म्हणाले. "बाईंचा पाइप लांबचा आहे. हो ना गं?"

शिवणवाल्या बाई मागोमाग आल्या होत्या. त्या घाबरलेल्या नव्हत्या.

"सांगा ना, वहिनी. किती वेळ बसलो होतो आपण, काही आलं का?"

वहिनींनी मुठी मिटल्या.

"लांबचा आहे पाइप," त्या म्हणाल्या.

बाईंचं शिलाई मशीन टेम्पोत चढत होतं, तेव्हा वहिनी सिंकपाशी भांडी घासत होत्या. साबण त्यांनी अगदी नखाएवढा घेतला. ओढ्यावर आता फेस दिसून चालणार नव्हता.