उशीर माफीचा अर्ज

मुरुमहून पहिल्या एसटीनं बंडप्पा न्यायाधिकरणात पोचला, तेव्हा बाकावर आधीच दहाबारा माणसं होती. सगळी शाळांतल्या नोकरीवरून काढलेली. न्यायाधीश एकच, अन् मधे दोन वर्षं तेही नव्हते. आता बोर्डावर रोज साठ प्रकरणं.

त्याची बायको भुवनेश्वरी खाजगी शाळेत शिक्षिका होती. हजेरीपटात खाडाखोड केली म्हणून संस्थेनं तिला काढलं. खाडाखोड दुसऱ्याची होती. तिनं अपील केलं, त्याला नऊ वर्षं झाली. डाग पुसल्याशिवाय शाळेपुढून जायचं नाही म्हणून ती बाजारालाही लांबच्या वाटेनं जायची.

श्रावणात ती वारली. माणूस मेलं की खटला मिटतो, असं कुणीतरी बंडप्पाच्या डोक्यात भरवलं. म्हणून त्यानं वकिलालासुद्धा सांगितलं नाही. त्यानंतर दोन तारखा झाल्या. तिच्या नावाचा पुकारा झाला की तो उठून "व्हय, हजर" म्हणायचा अन् पुढची तारीख घेऊन परतायचा.

आज गौरीशंकर वकील हसतच आले. "बंडप्पा, नशीब उघडलं! पुढच्या महिन्यात आपलं ऐकणार. बाईंना घेऊन या, सही लागंल."

"ती न्हाय आता."

"माहेरी गेल्या काय?"

"श्रावणात माती दिली, सायेब."

वकिलांनी नेमकी तारीख विचारली. बोटांवर मोजून म्हणाले, "एकशे चार दिवस! अवो, नव्वद दिवसांत वारस लावावा लागतो. न्हाय तर अपील आपोआप संपतं."

"तुमची नऊ वर्षं चालत्यात, अन् माझं चौदा दिवस चालंना व्हय?"

शेजारचे मास्तर हसले.

"उशीर माफीचा अर्ज टाकू. कारण काय लिहू?"

"भ्यालो म्हून ल्ह्या." मग तो हळूच म्हणाला, "अन् म्या तिला कधी नावानं हाक मारली न्हाय. इथं मारत्यात. लई बरं वाटायचं."

वकिलांनी 'कायद्याचे अज्ञान' एवढंच लिहिलं.

अर्जाला चार महिन्यांपुढची तारीख पडली. पुढच्या महिन्याची सुनावणी गेली. कारकून शामलाबाईंनी भुवनेश्वरीच्या नावामागं 'मयत' लिहिलं.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगा. वारस मंजूर झाला की पुकारा तुमच्या नावानं हुईल."

बंडप्पा सांगेना. मागं रांग खोळंबली.

"बाई, डाग पुसला तर कुनाचा पुसला म्हून लिहिताल?"

"त्यांचाच की."

"मग घ्या लिहून," तो म्हणाला, अन् त्यानं नाव सांगितलं.